भारे कोण बांधणार?

गणपतीनंतर माझ्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच महिन्यात मी मोबाइलवर राक्षस पाळायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

राक्षस म्हणजे गेममधले. जंगलात, गुहांत, पाण्यात फिरून ते पकडायचे, खाऊपिऊ घालून मोठे करायचे, सहा जणांचा संघ बांधायचा आणि समोरच्या संघाशी लढवायचा. मी चाळिशीची बाई. न्हावा शेवाला एका माल पाठवणाऱ्या कचेरीत कंटेनरची कागदपत्रं बघते. आईंच्या दुखण्यामुळे दोन महिने घरून काम मागून घेतलं होतं. दिवसभर याद्या तपासून डोकं आंबलं की दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईंच्या खाटेशेजारी बसून मी राक्षस लढवायची. नवरा कंटेनर यार्डात पाळीवर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

आईंचं खरं दुखणं गुडघा नव्हतं. खरं दुखणं कापणीचं होतं. आमचं गाव खारेपाटातलं, भाताचं. इथे आठ घरांच्या बायकांची सावड आहे. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या शेतात, दिवसाला दिवस. मजुरीचा विषयच नाही. आई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून या सावडीत होत्या, आणि गेली कित्येक वर्षं पुढची पात त्यांची. पात म्हणजे कापताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा शेताचा पट्टा. पुढची पात धरणारी जशी चालते तशी मागच्या सगळ्या चालतात. आता घरातून दिवस देणारं कोणी नाही, म्हणजे आपण सावडीतून गेलो, हे आईंनी खाटेवर पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं. व्यायाम शिकवणारी बाई आली की भिंतीकडे तोंड करायच्या.

"दहा वेळा गुडघा वाकवायचा, आई. कापणीपर्यंत चालायचंय ना?" मी म्हणाले.

"चालून काय करू? बांधावर बसून माश्या मारू?"

अशा वेळी मला राग येतो. माझा राग तसा प्रसिद्ध आहे. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत मोबाइल उघडला आणि खाडीतल्या राक्षसाशी लढायला बसले. त्या टप्प्याचा तो शेवटचा राक्षस. तो हरल्याशिवाय पुढचा नकाशा उघडत नाही. मी तोवर तीनदा हरले होते, चौथ्यांदाही हरले, आणि हातातला मोबाइल उशीवर आपटला.

आईंनी मान वळवली. "कोनाशी भांडतंस?"

मी सांगितलं. सहाच्या सहा राक्षस दाखवले. माझे सगळे आग ओकणारे, एकाहून एक जोरकस. आईंनी चष्मा लावून एकेकाला नीट न्याहाळलं, आणि मग जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"सगल्या कापनाऱ्याच घेतल्यास. भारे कोन बांधंल?"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की बाईंनी वर्मावर बोट ठेवलंय. माझे राक्षस पहिल्या दणक्यात अर्धी लढाई मारायचे. नंतर समोरचा पाणी ओतायचा आणि सगळे एकदमच विझायचे. झेलणारा कोणी नव्हता, जखमा भरून काढणारा नव्हता, समोरच्याची चाल मंद करणारा नव्हता. सगळे एकाच माळेचे मणी.

"सावड कशी बांधतात ठाव हाय का?" आई उठून बसल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदा आपण होऊन. "येक झपाट्याची लागते, ती पुढं. येक अशी लागते जी भारा डोक्यावर चढवल. येक म्हातारी लागते, तिना सगलं ठाव असते. आनि येक तोंडाळ लागतेच. ती न्हाय तर दुपारनंतर हात चालत न्हाय."

त्या दुपारपासून संघ आईंच्या हातात गेला. अट माझी: दहा वेळा गुडघा वाकवला की एक लढाई. त्यांनी घासाघीस करून ती आठावर आणली आणि वर मलाच सुनावलं, की कचेरीतली बाई म्हणजे मारवाड्याच्या वरची.

आगीचे पाच राक्षस बाहेर गेले, एक राहिला. त्याचं नाव कोंबडा. गेमने दिलेली नावं आईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली. दगडी पाठीचा, कितीही मार खाऊन न हलणारा तो पाटा. पानांनी जखमा भरून काढणारी ती सुईण. अंगातून वीज सोडणारा वायरमन, कारण तो बोलावल्यावर हमखास उशिरा यायचा. उडणारा बगळा. आणि सहावी निवटी.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही मासळी आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ही हुबेहूब तशीच होती, फुगीर डोळ्यांची, चिखलाच्या रंगाची. आईंनी ती स्वतः पकडली. स्वतःच्या बोटाने पकडलेला त्यांचा तो पहिलाच राक्षस. पण अंगात जोर म्हणाल तर नावाला. एक चिखलाचा फवारा यायचा, त्याने समोरचा जरा हळू व्हायचा, एवढंच. दोन फटक्यांत ती पालथी पडायची.

"आई, हिला काढू या. हिच्यापायी हरतोय."

"काढायची कशाला? मधी घे. दमलेलीला नेहमी मधी घेवाची, दोन बाजूला दोन तगड्या ठेवाच्या."

मग निवटी तिसऱ्या नंबरावर, तिच्या आधी पाटा आणि नंतर सुईण. आम्ही हरायचो, पण थोडक्यात. गुडघा पन्नास अंशांवरून नव्वदाच्या आसपास गेला. व्यायामाची बाई माझी पाठ थोपटून गेली. मी तिला राक्षसांचं काही सांगितलं नाही. आई वॉकर धरून ओटीपर्यंत जायला लागल्या आणि ओटीवरून शेजारणींना हाका मारायला लागल्या. मला वाटलं, जिंकलं.

आणि मग मी हात दाखवून अवलक्षण केलं.

दसऱ्याच्या सुमारास गेममध्ये एक मोठा राक्षस आयता मिळाला, बक्षीस म्हणून. काळा, शिंगांचा, ताकदीचा नुसता डोंगर. सकाळी आई आंघोळीला गेल्या होत्या. मी निवटीला बाजूला काढलं, हा काळा आत घेतला आणि खाडीतल्या राक्षसाला पहिल्याच डावात लोळवलं. आई बाहेर आल्या तशी मोबाइल नाचवत त्यांच्यापुढे गेले.

"जिंकलो, आई! नकाशा उघडला!"

त्यांनी पडद्यावरच्या सहा चौकोनांवरून बोट फिरवलं. "निवटी कुठं हाय?"

"बाजूला ठेवलीय. डब्यात." गेममध्ये जास्तीचे राक्षस ठेवायला एक डबा असतो, त्याला मी डबाच म्हणायची.

आईंनी मोबाइल माझ्या हातात दिला, वॉकर सरकवत खाटेकडे गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मना पन आता तशीच डब्यात ठेवा."

मोबाइलमधल्या चिखलरंगी मासळीवरून एवढं मनाला लावून घ्यायचं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आपण काय केलंय ते मला स्वच्छ दिसत होतं. त्या दिवशी मी कामात चुका केल्या, भात करपवला आणि नवऱ्यावर उगाच ओरडले. आईंनी दोन दिवस गुडघा वाकवला नाही. मी निवटीला परत घेतलं, त्या काळ्या डोंगराला डब्यात टाकलं, पण आईंनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची काकी आली. यंदा पुढची पात तिच्याकडे गेली होती. चहाची बशी हातात घेऊन ती म्हणाली, "सोमवारपासना कापनी लागंल. तू आराम कर गो बाय. तुझं शेत आमी बघू."

किती मायेने म्हणाली होती. पण आईंचा चेहरा उतरला. "दिस न देता दिस घेवाचा? मी काय भीक मागतंय? न्हाय देवाला जमत तर माझं घर सावडीत न्हाय, संपलं. ऱ्हाऊ दे शेत उभं."

काकीने बशी तोंडाला लावली. आणि मी काही विचार न करता म्हणाले, "आमच्या घरातून मी येते."

काकीला चहाचा ठसका लागला, इतकी ती हसली. माझं माहेर पनवेलचं, तिसऱ्या मजल्यावरचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण शेतात मी जायची ती जेवणाचा डबा पोचवायला.

"इळा कसा धरतात ठाव हाय का तुला?" आई म्हणाल्या.

"शिकवा."

मग खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मला शिकवलं, केरसुणीच्या मुठीवर. डाव्या हाताने भाताची मूठ धरायची, अंगठा वर, विळा खालून आपल्याकडे ओढायचा. "अंगठा वर!" असं त्या इतक्यांदा ओरडल्या की शेवटी मीही ओरडले. त्या खुदकन हसल्या. दोन दिवसांनंतरचं पहिलं हसू.

मी आठ दिवसांची रजा टाकली. सोमवारी सकाळी आठ बायका शेतात ओळीने उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं कडेला उभी करतील. काकीने दंडाला धरून मला मध्ये घेतलं. डाव्या बाजूला गावातली सगळ्यात उंच बाई, उजव्या बाजूला भारा एकटीने डोक्यावर चढवणारी. तासाभरात कमरेचा काटा ढिला झाला. दहाच्या सुमारास अंगठा खाली गेला आणि विळा बोटावर बसला. काकीने चिंधी बांधली. पण एक गोष्ट मला कळेना. मी इतकी हळू कापत होते, तरी माझी पात फारशी मागे पडत नव्हती.

दुपारनंतर दिसलं. उंच बाई स्वतःची पात कापता कापता दर चार पावलांमागे माझ्या पातीतल्या दोन मुठी कापून पुढे जात होती. उजवीकडची तेच करत होती. माझ्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, तोंडाने नवऱ्यांच्या नकला चालूच. मी उन्हात ताठ उभी राहिले आणि मला रडू आलं. घाम पुसल्यासारखं करून मी ते पुसलं.

संध्याकाळी घरी येऊन जमिनीवरच आडवी झाले. आईंनी बोटाची चिंधी सोडून हळद भरली. "कुठं उभी केली तुला?"

"मधे."

त्यांनी मान हलवली आणि वॉकर पुढे ओढून ओटीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, कुणी न सांगता.

शेवटचा दिवस आमच्या शेताचा. आई म्हणाल्या, मी येनार. नवऱ्याने पाळी बदलून घेतली, त्यांना गाडीने बांधापर्यंत आणलं आणि प्लास्टिकची खुर्ची मांडली. काकीने ओल्या पेंढ्याचा ढीग त्यांच्या पुढ्यात आणून टाकला. भारे बांधायला पेंढ्याचे बंध वळावे लागतात, आणि त्याला गुडघे लागत नाहीत. आईंचे हात सुरू झाले. चार-पाच पीळ, एक गाठ, टाकला बाजूला. आम्ही कापत होतो त्याहून भराभर बंध तयार होत होते, आणि मागे राहिलो की आई बांधावरून आम्हा सगळ्यांचा उद्धार करत होत्या. तोंडाळ कोण, हा प्रश्न निकालात निघाला.

दुपारी जेवायला सगळ्या बांधावर बसल्या. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. काकीला माझी खोडी काढायची लहर आली. "वैनी, पुढच्या वर्साला तूच ये गो. हिला कचेरीत धाड. हिच्यापायी आमची पात मागं ऱ्हाते."

सगळ्या हसल्या, मीही हसले. खोटं काय होतं त्यात?

आई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला बंध पुरा वळला, गाठ मारली आणि ढिगावर टाकला. मग माझ्या फडकं बांधलेल्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्साला आमी दोघी येनार. हिला कोनी काढायची न्हाय. निवटी हाय ती माझी."

"निवटी?" काकीने विचारलं. "ती कशी काय?"

आईंनी आपल्या पानातला कांदा माझ्या पानात टाकला. मी मान खाली घालून भाकरी खात राहिले, आणि ती खारट लागत होती.