फ्लेक्सवाल्या ताई

कुरुळीतल्या फ्लेक्सवाल्या ताईंमुळे मी अजून कामावर आहे. डिझाइन शिकवताना त्या माऊसला हात लावत नाहीत. मागं उभं राहून "डोळे बारीक करून बघ, आधी काय दिसतंय" एवढंच म्हणतात.

नववीत शाळा सोडून मी हिंगोलीहून आलो. इथं कोण मोठं, ते ठाऊक नव्हतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी गावच्या पुढाऱ्याचा फोटो खाली, शुभेच्छुक पोरांच्या रांगेत लावला. सकाळीच कार्यकर्ते दुकानात घुसले.

"कुणी केलं हे? हाकला त्याला!"



"छापलं मी, मला बोला," ताई म्हणाल्या. "त्याला हाकलून तो शिकंल व्हय? कुणाचा फोटो कुठं, तुमीच सांगा त्याला."

ते घुश्शातच सांगत गेले. मी चुकतमाकत एकेक फोटो सरकवत होतो, तरी ताईंनी माऊस घेतला नाही.

त्यांच्या दुकानाला धड पाटी नाही. हात बसला की ती मीच करून देणार.