सातव्या मजल्यावरच्या काकूंचा पोकळ विषाणू

गेल्या रविवारी सकाळी साडेअकरा वाजता सानपाड्याच्या आपल्या सोसायटीने सातव्या मजल्यावरच्या काकूंवर धडधडीत अन्याय केला. त्यांनी लिफ्ट वापरू नये, त्यांचा भाडेकरार वाढवू नये, असा ठराव केला. गुन्हा काय? पेढे वाटले!

इतकं खरं बोलणारं माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही, आणि तेच त्यांना नडलं. पावणे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये काकू पेशी वाढवून त्यांच्यात विषाणू तयार करतात. घरही लॅबच. चटणीच्या डब्यावर तारीख, वेळ, सही. विरजणालासुद्धा नंबर. दिवाळीत आमच्याकडे फराळ अर्धा टाकून उठल्या. आईने अडवलं तर म्हणाल्या, "वहिनी, पेशींना दिवाळी कळत नाही हो, त्यांना वेळेवर खायला घालावं लागतं."

माझे वडील एपीएमसीत माथाडी. त्यांनी एकदा काकूंना जिन्यातच गाठलं. "ताई, व्हायरस त्यो व्हायरसच की! त्यानं मानूस बरा कसा व्हायचा?"

काकू तिथेच पायरीवर बसल्या. "भाऊ, पेशीत शिरायचं कसब तेवढं त्याच्याकडे ठेवायचं. रोग करणारं सगळं काढून टाकायचं आणि त्या जागी आपला जीन भरायचा. तुम्ही पोत्यावरचा मार्का बघून नेमक्या गाळ्यात पोतं टाकता ना? तसा हा रक्तातल्या लढणाऱ्या पेशी ओळखतो आणि माल तिथेच उतरवतो. मग त्या पेशी कॅन्सर हुडकायला शिकतात."

"आनि चुकून भलत्याच गाळ्यात टाकला तर?"

काकूंचा चेहरा उजळला. "भाऊ, माझी बारा वर्षं ह्याच प्रश्नात गेली!"

तेव्हापासून वडील बाजारभर सांगतात, "आमच्या बिल्डिंगीत एक बाई माथाडी हाय. लई बारीक माल उतरवती."

त्या शनिवारी काकूंची बॅच मनासारखी जमली. दुसरी कुणी असती तर प्रमोशन झालं म्हणाली असती. काकू दारोदार सांगत सुटल्या, "घ्या, माझा विषाणू छान झाला!" सेक्रेटरीसाहेबांनी कारण ऐकलं तोवर दोन पेढे पोटात गेले होते. दुसऱ्याच दिवशी मीटिंग. ठराव वाचून झाल्यावर काकू उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता झाडणार एकेकाला. तर म्हणाल्या, "'विषाणू घरी आणतात' हे चूक आहे. तो लॅबबाहेर येत नाही, आणि स्वतःहून वाढूही शकत नाही. तेवढं दुरुस्त करा. लिफ्टचं राहू द्या." का राहू द्या? कुणाच्या बापाची आहे लिफ्ट?

परवा चौथ्या मजल्यावर गुडघा धरून उभ्या दिसल्या. म्हटलं, "काकू, भांडा ना!"

"अगं, भांडत बसायला वेळ कुठाय? ही बॅच लहान मुलांवरच्या चाचणीसाठी जायचीय. गुण येईल की नाही, आज नाही सांगता येत. घर लांब गेलं तर पेशींकडे वेळेवर कशी पोचू, एवढाच घोर लागलाय." आणि कठडा धरून, एकेक पायरी करत वर गेल्या.

त्या भांडणार नाहीत. म्हणून हे पत्रक तुमच्या दाराखालून सरकवतेय. येत्या रविवारी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात या. ग्रुपवर अंगठे पाठवू नका. स्वतः या, आणि ठराव रद्द करायला हात वर करा.