अजून एक नग

माझे मेहुणे त्रिविक्रमराव यांनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि ते खरंही आहे. चूक करायला आधी काहीतरी ठरवावं लागतं.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला. मी स्टोअर सांभाळतो, ते तपासणी विभागाचे प्रमुख. आम्ही कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवतो. व्हॉल्व्ह योग्य दाबाला फुटतो की नाही हे तो फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडलेला व्हॉल्व्ह कुणी घेत नाही. म्हणून हजारांच्या पेटीतून एकेक नग काढून फोडायचा आणि होईल तितक्या कमी नगांत पेटीचा निकाल लावायचा. त्याची एक सुरेख पद्धत आहे. आलेखाच्या कागदावर दोन तिरप्या रेघा आधीच मारून ठेवायच्या. नग चांगला निघाला तर टिंब एक घर उजवीकडे. वाईट निघाला तर एक घर उजवीकडे आणि एक घर वर. टिंब वरच्या रेघेपलीकडे गेलं की पेटी परत, खालच्या रेघेखाली गेलं की पेटी पास. दोन्हींच्या मध्ये असेल तर अजून एक नग. ही तपासणी कधी ना कधी संपतेच, असं गणितानं सिद्ध केलेलं आहे. त्रिविक्रमराव ती सिद्धता कागदाकडे न बघता फळ्यावर लिहून दाखवतात, आणि दर नव्या माणसाला ती ऐकावी लागते.

घरी मात्र त्यांनी या पद्धतीतला ‘अजून एक नग’ एवढाच भाग उचलला. व्हाइटफील्डला फ्लॅट बघायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांची मुलगी सुप्रीता चौथीत होती. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न स्वतःच ठरवून बापाला नुसती तारीख कळवली, आणि हे दर रविवारी अजून एक फ्लॅट बघतच आहेत. माझी बहीण क्षमा बनशंकरीच्या त्याच भाड्याच्या घरात गळक्या नळाला चिंधी बांधत बसली आहे. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. भाग्यलक्ष्मीचं मात्र नेता येत नाही.

भाग्यलक्ष्मी निपाणीकडची. सात वर्षांपूर्वी ती तात्पुरती तपासनीस म्हणून आली. पेटीचा निकाल ती लावायची, पण कार्डावर सही त्रिविक्रमरावांची, कारण सहीचा अधिकार कायम माणसालाच. तिला एवढंच हवं होतं: कायम व्हायचं, आणि आपण तपासलेल्या पेटीवर आपलं नाव लिहायचं. मला ती एकदा म्हणाली की अण्णा, माझ्या आईनं बारा वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडली, तिचं नाव कुठल्या कागदावर नाही.

त्रिविक्रमरावांनी जाहीर केलं की तपासनिसाचीही तपासणी त्याच पद्धतीनं होईल. दर शनिवारी तिनं निकाल दिलेली एक पेटी ते स्वतः पुन्हा तपासणार. निकाल जुळला तर टिंब उजवीकडे, चुकला तर वरही. खालच्या रेघेखाली गेली की तिला कायम करण्याची शिफारस. कल्पना चांगली होती. रेघा तेवढ्या त्यांनी पेन्सिलीनं मारल्या.

चौदाव्या शनिवारी ती रेघेला टेकली, एकही चूक न करता. त्रिविक्रमरावांनी रबर घेतला. म्हणाले, शंभरात पाच वेळा माझा निकाल चुकेल असं धरून मी रेघ मारली होती, तो शंभरात एकदाच चुकायला हवा. रेघ खाली गेली. पुढे ती त्याही रेघेला पोहोचली, तेव्हा हजारात एकदा झालं. मग व्हॉल्व्हचं नवं मॉडेल आलं, म्हणून कागदच नवा घेतला आणि टिंब पहिल्या घरापासून. अशी सहा वर्षं काढली या विद्वानानं. रबर माझ्या स्टोअरमधून जायचे आणि मी ते मुकाट्यानं द्यायचो, बहिणीचा नवरा म्हणून. याची मला आजही लाज वाटते.

एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी मला दोन चुका समजावून दिल्या. नालायकाला घेणं ही एक, लायकाला अडवणं ही दुसरी. त्यांना दोन्ही पाठ होत्या. पण पहिल्या चुकीखाली त्यांची सही दिसली असती आणि दुसरीखाली कुणाचीच दिसत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला स्टोअरमध्ये बसून कळलं.

गेल्या वर्षी आमचे व्हॉल्व्ह घेणाऱ्या एका कुकर कंपनीनं भाग्यलक्ष्मीला बोलावलं. तिथं तिच्यापुढं एक पेटी ठेवली. अकरा नग झाल्यावर तिथले साहेब म्हणाले पुरे, आणि दुपारच्या चहाआधी कायम नोकरीचं पत्र हातात दिलं. ते पत्र पर्समध्ये ठेवून ती त्रिविक्रमरावांच्या टेबलाशी आली. मी तिथंच होतो.

"सर, माझी रेघ आज पेनानं मारा की," ती तिच्या निपाणीकडच्या बोलीत म्हणाली. "कुठंही मारा. मी तिथंपर्यंत येतो."

त्यांनी कागद बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"सरी, बरोबर आहे तुझं, पण स्वल्प थांब. अजून एक शनिवार बघूया."

तिनं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि राजीनामाही. ती गेल्यावर त्रिविक्रमरावांनी तिच्या आलेखावर एक टिंब वर सरकवलं. सोडून जाणं ही चूकच धरायची, असं त्यांचं मत. बघ, घाई केली असती तर फसलो असतो, असं मला समाधानानं ऐकवलंही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसलो नाही.

चार महिन्यांनी त्या कंपनीकडून आमची एक पेटी परत आली. कार्डावर लिहिलं होतं: सातव्या नगाला नापास. खाली सही होती, निळ्या शाईत, पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. त्रिविक्रमरावांनी ते कार्ड एकदाच वाचलं. मग पेटी भंगारात टाकायच्या कागदावर तिथल्या तिथं सही केली.

मी आठ वर्षं या कारखान्यात त्यांच्याबरोबर आहे. इतक्या लवकर त्यांना काही ठरवताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "भावजी, पेटी उघडून एक तरी नग तपासून बघा."

"कशाला?" ते म्हणाले. "तिनं बघितलंय ना."