काटकसरीच्या महिन्यातलं माझं दुखणं

नागपूरहून दोन दिवसांसाठी आलेल्या बायकोने माझा फोन हातात घेतला आणि बोटाने वर सरकवत एकेक खर्च मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "चहा. खर्रा. चहा. समोसे. खर्रा. परत खर्रा. चहा, अठरा कप." इथे ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, "अहो, तुमी इथी एकटे राह्यता का वरात घेऊन राह्यता?"

वरातच होती.

मुलीचा डॉक्टरकीचा प्रवेश पहिल्या खेपेला थोडक्यात हुकला होता. म्हणून मागच्या वर्षी जूनपासून ती आणि तिची आई नागपुरात एक खोली घेऊन राहत होत्या आणि इकडे चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. नोकरी बिजलीघराच्या स्टोअरमधली. दिवसभर लोकांना नटबोल्ट आणि बेअरिंग मोजून द्यायचे, सही घ्यायची. आता नटबोल्टशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? त्यामुळे संध्याकाळी कंपनीची बस गेटजवळ थांबली की मी पानठेल्यावर उतरायचो आणि माझा दिवस तिथे सुरू व्हायचा.

मी मूळचा चिमूरकडच्या एका खेड्यातला. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचो. खलनायकाचा एक फायदा असतो, नायकापेक्षा त्याला लोक जास्त ओळखतात. नाटकं सुटली, पण समोर माणसं बसलेली असण्याची सवय सुटली नाही. कोणाला रक्तदाबाची गोळी लागते, मला प्रेक्षक लागतात. आणि प्रेक्षक उभ्या उभ्या किती वेळ ऐकणार? त्यांना चहा लागतो. खर्रा लागतो.

ज्यांनी खर्रा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पाटीवर घोटत राहायचं, झाला खर्रा. विकायला बंदी आहे, म्हणून फक्त सगळीकडे मिळतो. खाण्याची त्याची एक शिस्त आहे. पुडी उघडली की आधी आजूबाजूच्या हातांपुढे धरायची, मग आपण चिमूट घ्यायची. आज दुसऱ्याच्या पुडीतून घेतलंत, तर उद्या तुमची उघडली पाहिजे. माझी पुडी त्या ठेल्यावर सगळ्यांत जास्त वेळा उघडली असेल.

तर बायकोने निकाल दिला. नागपूरचा घरमालक भाडं वाढवत होता आणि पुढच्या एका वर्षाचं पक्कं उत्तर त्याला महिनाअखेरीला हवं होतं. गावच्या घराचं कर्ज, कोचिंगची फी, दोन चुली. "हा एक महिना तांदूळ, गॅस, लाइटबिल, दूध. बाकी फुटका पैसा नाई," ती म्हणाली. "उरलं तर खोली ठेवू. नाई उरलं तर बिस्तरा गुंडाळून दोघी इथीच येतो. पोरगी घरीच शिकन फोनवर."

माझ्या पोटातला खलनायक त्या क्षणी टुणकन उठून बसला. खोली सुटली तर दोघी घरी! म्हणजे मी जितके चहा पाजीन तितक्या त्या जवळ येतील. तीस दिवस मनसोक्त उधळपट्टी केली की संध्याकाळी दारात चपलांचे तीन जोड. मात्र पहिल्या खेपेला मुलगी घरीच शिकली होती. नेट जायचं, पाहुणे यायचे आणि मधूनमधून मीच तिच्या टेबलाशी जाऊन गोष्टी सांगत बसायचो. नागपुरात दुसऱ्या खेपेला गुण वाढले, तरी थोडे कमीच पडले. आता ही तिसरी आणि शेवटची खेप, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. मी शपथ घेतली, आणि नाटकातली नाही, खरी घेतली.

पहिला आठवडा मोठा शौर्याचा गेला. मोटरसायकलला कपडा घातला, बाजारालाही पायी गेलो-आलो. तांदूळ आणि लाखोळीची डाळ गावाकडची होती, आणि क्वार्टरच्या मागे तरोटा, म्हणजे टाकळ्याची भाजी, इतका माजला होता की रोज खुडला तरी दुसऱ्या दिवशी हजर. बाजारात वास्ते आले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते परक्या बाईसारखे न पाहता ओलांडले. खर्रा तर पहिल्याच दिवशी सोडला. त्याच्या जागी दाढेखाली लवंग धरायची, इतकी धरली की गालाला आतून फोड आला आणि चेहरा एका बाजूने सुजला.

पण संध्याकाळचं काय करायचं, हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. ठेल्यावर रिकाम्या हाताने उभं राहता येत नाही. उभा राहिलो असतो तर कोणीही पुडी पुढे केली असती, पण ती घेतली की उद्या माझी उघडणं आलं. आणि स्टोअरमधल्या पक्क्या नोकरीच्या माणसाने "पैसे नाहीत" म्हटलं तर लोक एक तर हसतील, नाही तर उसने मागायला आलाय समजून पांगतील. मी बसमधून एक थांबा पुढे उतरू लागलो. कोणी हटकलंच तर म्हणायचो, "सोडला." सुजलेल्या गालाने तेवढंच नीट बोलता यायचं.

आमच्या कॉलनीत अंधार पडला की बिबट्याच्या धाकाने कोणी पाय मोकळे करायला निघत नाही. शेजारचं एक क्वार्टर रिकामं, त्यापुढचंही. सहाला घरात शिरायचो ते सकाळीच बाहेर. टीव्हीचं पॅकेज मीच मोठ्या मनाने बंद केलं होतं. मुलगी अभ्यासात, म्हणून फोन रात्री जेवताना पाच मिनिटं. एका संध्याकाळी मी लाइटबिल हातात घेतलं आणि भिंतीला टेकून खलनायकाच्या आवाजात वाचलं, स्थिर आकारापासून शेवटच्या तारखेपर्यंत. झकास वाचलं. मग बिल घडी करून ठेवलं आणि तरोटा निवडत बसलो.

नवव्या दिवशी दारावर थाप पडली. समोरच्या ओळीतली वहिनी, हातात झाकलेला डबा.

"भाऊ, मऊ भात आणला. दुधात कालवून घ्या. तिखट काही खाऊ नका."

"काऊन बाई, आज काय आहे?"

"काही नाई, काही नाई," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधले दोघं केळी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पाच जण. कोणी मोसंबीचा रस, कोणी उकडलेला भोपळा. सगळं मऊ. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि माझ्या उजव्या गालाकडे पाहत होते, मी पाहिलं की नजर चोरत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे खर्रा कोणी स्वतःहून सोडत नाही. डॉक्टर सोडायला लावतो. आणि डॉक्टरने सोडायला लावला म्हणजे काय, ते या पट्ट्यात पोराटोरालाही ठाऊक आहे. वीस वर्षांचा खर्रा एका दिवसात बंद, गाल सुजलेला, बोलका माणूस मुका, चोरासारखा पुढच्या थांब्यावर उतरतोय. लोकांनी हिशेब मांडला आणि मला तोंडाचा कॅन्सर देऊन टाकला.

त्याच वेळी सांगायचं होतं, "अरे लेको, मी पैसे वाचवून राह्यलो!" तोंड उघडलंही होतं. पण खोलीत पाच माणसं बसली होती. माझ्या घरात, माझ्या खुर्च्यांवर. आणि मी तोंड उघडताच पाचही जण पुढे सरकले. आयुष्यभर चहा पाजून मला असा सन्नाटा मिळाला नव्हता. मी गालाला हात लावला, एक मोठा श्वास घेतला, आणि गावच्या नाटकात पडदा पेटला होता ती गोष्ट सांगायला घेतली.

चार संध्याकाळी हे चाललं. कबूल करतो, गाल दुसऱ्या दिवशी उतरला होता, हात उतरला नव्हता. गोष्ट रंगात आली की मध्येच थांबायचो, भिंतीकडे पाहायचो. "त्रास होत असन तर राहू द्या भाऊ," कोणी तरी म्हणायचं. "नाई, ऐका," मी म्हणायचो. काटकसर तर अशी साधली की विचारू नका. घरची चूलच पेटेना, इतका मऊ भात.

चौथ्या संध्याकाळी ठेलेवाला आला. ठेला बंद करून, अंगावर धुतलेला शर्ट घालून. सगळे उठेपर्यंत तो दाराशी बसून राहिला. मग शहाळं माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "भाऊ, सगळा खर्रा माह्याच हातचा होता ना? दुसऱ्याकडून नाई घेत होते ना तुमी?"

"नाई," मी म्हणालो. "तुझ्याचकडून."

तो जमिनीकडे पाहत राहिला. "मले झोप नाई येऊन राह्यली," म्हणाला आणि गेला. तेव्हा त्याच्या मागे धावायला हवं होतं. मी शहाळं फोडलं आणि ठरवलं, उद्या रविवार, सकाळी सगळ्यांना सांगून टाकू.

रविवारी दुपारी दारात भाड्याची गाडी थांबली. वहिनीने नागपूरला फोन केला होता. बायको उतरली, मागून मुलगी, पाठीवर पुस्तकांची बॅग. त्या दिवशी तिची कोचिंगची मोठी टेस्ट होती, ती सोडून आली होती. बायकोने पाणीसुद्धा घेतलं नाही. मला अंगणात उन्हात उभं केलं.

"तोंड उघडा."

"अवं, ऐक तर..."

"उघडा म्हणते ना!"

मी तोंड उघडलं. तोंड किती उघडतं ते पाहायला मुलीने आपली तीन बोटं उभी करून माझ्या दातांमध्ये घालून पाहिली, जीभ वर करायला लावली, दोन्ही गाल आतून पाहिले. "काही दिसत नाही आई," ती म्हणाली. "फक्त फोड आहे, तोही बरा होत आलाय. बोटं कशीबशी जातात. बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"कोणते डॉक्टर?" मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. तिथेच, अंगणात, दोघींसमोर. प्रेक्षक होते, पण गोष्ट काही केल्या रंगेना.

बायको पायरीवर बसली. मग म्हणाली, "गाडीवाल्याले तीन हजार दिले. रस्ताभर पोरीचा हात धरून बसली होती मी." आणि पायरीवरून उठत, "जा. आधी त्या ठेलेवाल्याले सांगून या. त्याच्या जिवाले कायले घोर लावला?"

गेलो. ठेल्यावर नेहमीचे सगळे होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. दोघं-तिघं हसले, एकाने शिवी दिली, वहिनीचा नवरा सायकल घेऊन निघून गेला. ठेलेवाला ऐकत होता. पाटी पुसली, हात पुसले.

"बरं झालं भाऊ, काही नाई निघालं ते," तो म्हणाला. "पण हे बराबर नाई केलं तुमी." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाले काय देऊ?"

संध्याकाळी घरात तिघं जेवायला बसलो. बायकोने वरण-भात, तरोट्याची भाजी, आणि वहिनीकडून मागून आणलेल्या दोन वांग्यांचं भरीत केलं होतं. मुलगी ताटातला भात नुसताच चिवडत होती.

"बाबा, मी इथीच थांबू का?" ती म्हणाली. "भाडं पण वाचन. पुस्तकं सारखीच असतात. तुमी एकटे राहून असं काही करून राह्यले तर मले तिथी बसून काय अभ्यास होणार?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे उत्तर मी द्यायचं होतं. सगळं आयतं चालून आलं होतं. मला फक्त मान खाली घालायची होती.

मी हसलो. खलनायकाचं नाही, दुसरं एक हसू असतं, ते. "मी एकटा? अगं, ठेल्यावरचे मले आता सोडतात का! सगळ्यांची माफी झाली, उद्यापासून परत बैठक. चहा आता ते पाजणार आहेत मले, सजा म्हणून. शनिवारी सगळे पिच्चर पाहायला बोलवून राह्यले. तू इथी राह्यली तर उलट माहीच पंचाईत." मग फोन काढून बायकोपुढे ठेवला. "पाह्य, महिना अर्धाच झाला. गाडीचे तीन हजार धरूनही खोली निघते. घरमालकाले उद्याच हो म्हणून टाका."

मी वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं. त्या न झालेल्या बैठकीतली माणसंही रंगवून सांगितली, कोण काय म्हणाला, कोण कसा हसला. मुलगी शेवटी हसली आणि जेवली. बायको माझ्या ताटाकडे पाहत होती.

सकाळी चंद्रपूरच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. या खेपेला बस. पुस्तकांची बॅग जड होती, म्हणून मी आत चढलो, ती वर फळीवर नीट बसवली. खिडकी घट्ट होती, ती सरकवून दिली. बायको म्हणाली, "लवंग चावत बसू नका." मुलीने पुस्तक उघडलं होतं. मी मागच्या सीटच्या दांड्याला धरून उभा राहिलो, आणखी काही वर ठेवायचं आहे का पाहत.

कंडक्टर दारात आला. "काय भाऊ, येता का उतरता? टाइम झाला."

मी उतरलो.