रोजा, नंबर एकतीस

उर्सुला मामीनं सांडोरजवळच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ती जुनी सॅम्पलर उतरवून घ्यायला लागली. आमच्या भागातल्या काही जुन्या घरांत अशी कापडं होती. आजीच्या, पणजीच्या काळात बोर्डिंगातल्या नन्स मुलींना लिननच्या तुकड्यावर क्रॉस स्टिचनं ए पासून झेडपर्यंत अक्षरं घालायला लावायच्या. मग आकडे, फुलांची किनार, एखादं चर्च, दोन पक्षी आणि सगळ्यात खाली मुलीचं नाव. कुणी ती फ्रेम करून भिंतीवर लावली होती, तर कुणाच्या पेटीत ती कसरीनं खाल्ली होती. मामी ते कापड उलटसुलट करून भिंगातून बघायची, टाका न् टाका मोजून ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं फुल्या मारायची आणि मग नव्या लिननवर तसंच्या तसं उतरवायची.

तिचा एक नियम होता. मूळ मुलीनं चूक केली असेल तर ती चूकही उतरवायची. एका पक्ष्याला एकच पाय असेल तर मामीच्या पक्ष्यालाही एकच.

घरी ती जेवणाची भांडी झाली की ओटीवर बसायची. बाहेर जाताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा बरोबर असायचा, आणि त्यात कापड, लडी, सुया आणि बोटभर लांबीची कात्री. एस.टी.ची वाट बघताना, दाताच्या डॉक्टरकडे, लग्नाच्या मांडवातसुद्धा तिचा हात चालू. "हात रिकामा राहिला की मला धाप लागते," म्हणायची.

मी तिच्या नणंदेची मुलगी, जोआना. माझी आई लिडिया ही बॅप्टिस्ट मामाची मोठी बहीण. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ते लिहायला मला जमत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथं शाळेच्या मराठीत आहे.

१९९८ साली माझं लग्न ठरलं. जानेवारीत लग्न आणि फेब्रुवारीत कॅनडा. आमच्या हॉलमध्ये बाबांच्या आजीचं, मारियाचं, सॅम्पलर काचेत होतं. त्यावर नाव 'मारिया' आणि साल १९०४. त्यासाठी तिला बोर्डिंगात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते बिशपांच्या हातून मिळालं, असं आमच्या घरात सांगायचे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती फ्रेम दाखवली जायची. आईनं ती मामीकडे नेली. "मूळ इथंच राहील. जोआनाला बरोबर न्यायला तू एक उतरवून दे," म्हणाली.

मामीनं दोन महिन्यांत आलेख काढला, मूळ फ्रेम परत करून टाकली आणि काम सुरू केलं. त्याच सुमारास मामाला चालताना दम लागायला लागला. तो केळीच्या वाडीत मधेच खाली बसायचा. तपासण्या झाल्या, हृदयाची झडप बदलायची ठरलं. ऑपरेशन दक्षिणेतल्या एका मिशन इस्पितळात होणार होतं. मामा-मामीला मूल नाही, म्हणून आई आणि मी बरोबर निघालो. इथल्या डॉक्टरांनी आम्हा तिघींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना त्रास होईल असं काही बोलू नका. भांडण नको, वाईट बातमी नको. पोहोचेपर्यंत सांभाळा."

मद्रासच्या गाडीत मामा खालच्या बाकावर आडवा होता, मामी त्याच्या पायाशी खिडकीजवळ, समोर आई आणि मी. गाडी सुटताच मामीनं डबा उघडला. लोणावळा यायच्या आत किनारीचा एक कोपरा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जागी झाले तेव्हा चर्चचा कळस झाला होता. आई कौतुकानं बघत होती. मामाला पाणी द्यायला, गोळ्या द्यायला मामी उठायची तेवढीच, बाकी सुई थांबत नव्हती.

गुंटकलच्या पुढे दुसरा पक्षी पुरा झाला. मामीनं दोरा तोडला, कापडाची घडी केली आणि डब्यात ठेवली.

आई म्हणाली, "आता नावच राहिलं ना? तासा-दोन तासांचं काम."

"गाडी हलते, लिडियाबाय. नाव वाकडं यायला नको."

"कालपासून हलत नव्हती?"

मामीनं मामाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपलेला नव्हता. पुढचे सगळे तास ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती. मला वाटलं, ऑपरेशनची भीती. आईला मात्र काहीतरी टोचलं होतं. संध्याकाळी उतरेपर्यंत तिनं दोनदा विचारलं आणि मामीनं दोनदा विषय बदलला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला मामाला आत नेलं. चार तास लागतील म्हणाले होते. लांब व्हरांड्यात लाकडी बाकांवर आमच्यासारखेच लोक बसलेले, पण सगळ्यांच्या भाषा वेगळ्या. बारा वाजले, मग एक वाजला. आत गेलेली नर्स बाहेर आली की आम्ही उभ्या राहायचो आणि ती दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची.

आई म्हणाली, "उर्सुला, हातात काहीतरी घे. तू अशी बसलीस की मला भीती वाटते."

मामीनं डबा काढला. सुईत दोरा जाईना. आई मदतीला सरकली. आलेखाचा कागद उलगडून तिनं मामीसमोर धरला आणि तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथं मारिया नव्हतं.

"हे काय आहे?"

"खालची ओळ."

"आर, ओ, एस, ए. रोजा. नंबर एकतीस. रोजा कोण?"

मामी हळू आवाजात बोलली. फ्रेम उघडून तिनं कापड उलटं केलं तेव्हा मारियाच्या लाल टाक्यांखाली निळ्या दोऱ्याचे तंतू अडकलेले दिसले होते. नावाच्या पुढच्या कोऱ्या जागेतही सुईची भोकं होती. तिनं ती भोकं मोजली, कागदावर मांडली आणि अक्षरं उभी राहिली. आधीचं नाव कुणीतरी उसवून काढलं होतं आणि त्यावर मारिया घातलं होतं. मारियाचे टाकेही वेगळे होते, फुलीतली वरची तिरपी रेघ उलट्या बाजूला पडलेली. बाकी सगळ्या कापडावर एकाच हाताचं काम होतं.

"आणि नंबर?"

"फी भरणाऱ्या मुलींच्या कपड्यांवर नाव असायचं. अनाथ मुलींच्या कपड्यांवर नंबर."

आईनं कागद स्वतःच्या मांडीवर घेतला. मग विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. हे बरे होऊन घरी आले की तुम्हाला सांगणार होते."

"घरी आल्यावर? की लग्नात सगळ्यांसमोर?"

"लिडियाबाय, मी तसं कधी केलंय का?"

"मग कशाला मोजलीस भोकं? मारिया दिसतंय ना वरून? मारिया घालायचं आणि मोकळं व्हायचं." आईचा आवाज चढला नव्हता, पण बाकावरचे लोक वळून बघायला लागले. "तुला ठाऊक आहे, लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं मला त्या फ्रेमसमोर उभं केलं. म्हणाली, 'आमच्या घरच्या बायका अशा. तुझ्या माहेरी कुणाला सही तरी करता येते?' तीस वर्षं मी ती काच पुसतेय. आता कुठं ती मला माझी वाटायला लागली होती."

मामी म्हणाली, "मी पाच वर्षं बोर्डिंगात होते. माझ्या परकरावर अठ्ठावन्न नंबर होता."

आईनं तिच्याकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मामीचे वडील लवकर गेले एवढंच आम्हाला ठाऊक.

"आम्ही टेबलक्लॉथ भरायचो," मामी म्हणाली. "फेटला, म्हणजे बोर्डिंगच्या जत्रेला, ते दुसऱ्या मुलींच्या नावानं मांडायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत नव्हतं, असं मला वाटायचं. ती भोकं मोजेपर्यंत."

आईनं कागदाची खालची पट्टी फाडली आणि मुठीत धरली. त्याच वेळी दार उघडलं आणि नर्सनं मामाचं नाव घेतलं.

झडप बसली होती, पण रक्त थांबत नव्हतं. छाती पुन्हा उघडावी लागणार होती. आणखी रक्त हवं होतं, लगेच. आईचा आणि मामाचा गट एक. तिला आत खाटेवर आडवं केलं, मी शेजारी उभी होते. ज्या हातात सुई नव्हती त्या हातात ती पट्टी तशीच होती. नर्सनं मूठ सैल करायला सांगितलं तरी आईनं ती उघडली नाही. दारातून दिसत होतं, मामी बाकावर एकटी बसून रोझरी म्हणत होती आणि मधेच मोजणी चुकून पुन्हा पहिल्या मण्याकडे येत होती.

साडेचारला डॉक्टर बाहेर आले. रक्त थांबलं होतं. आई आणि मामी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसून रडल्या.

मामा घरी आला, हळूहळू ओटीवर येऊन बसायला लागला. डिसेंबर उजाडला. सॅम्पलरचं नाव आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. आईनं बाबांना सगळं सांगितलं होतं. ऑगस्टीन घोन्साल्विस हे आमचे बाबा गावात कमी बोलणारे म्हणून माहीत होते. त्या रात्रीपासून तर ते घरातही बोलेनासे झाले. एकदाच म्हणाले, "माझ्या आजीला चोर ठरवायला निघालेत."

आई म्हणाली, "आजीनं उसवलं असं कोण म्हणतंय? तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बक्षीस कुणाला द्यायचं हे मोठ्यांनी ठरवलं असेल."

बाबा उठून वाडीत गेले.

नाताळच्या आधीच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, मामी डबा घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिघं घरात होतो. तिनं कापड टेबलावर पसरलं. सगळं पुरं झालं होतं. किनार, अक्षरं, चर्च, एका पायाचा पक्षी. आणि खाली निळ्या दोऱ्यात: रोजा, नंबर एकतीस.

बाबा खुर्चीतून उठले.

"बसा, ऑगस्टीनभाऊ," मामी म्हणाली. "माझं काम पुरं नाही झालेलं. मी आहे तसं उतरवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी रोजा घातलं होतं, म्हणून मी आधी रोजा घातलं. मग ते उसवलं, आणि मग मारिया. मारिया मी आज इथं बसून घालीन. पण उसवायचं काम माझ्या हातून होणार नाही. ते तुमच्या घरानं करायचं."

तिनं डब्यातली छोटी कात्री काढून कापडावर ठेवली.

बाबांनी हात पुढे केला. आईनं त्यांच्या आधी कात्री उचलली. ती खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला आणि कात्रीचं टोक आरच्या पहिल्या फुलीखाली घातलं. कट् असा बारीक आवाज झाला. दोऱ्याचे दोन तुकडे वर आले. आईनं ते नखानं ओढून काढले आणि त्या जागी राहिलेल्या चार भोकांकडे बघत राहिली. कात्री दुसऱ्या फुलीखाली गेली आणि तिथंच थांबली. मला वाटत होतं, आईनं पटकन काहीतरी करावं, काहीही, पण करून टाकावं.

"माझ्याच्यानं नाही होत," ती म्हणाली, आणि कात्री मामीच्या हातात परत दिली.

बाबा बाहेर गेले ते दुपारच्या जेवणालाही आले नाहीत.

कॅनडाला मी ते तसंच घेऊन गेले, आरची एक फुली नसलेलं. ती फुली पुन्हा घालून दे, असं मी मामीला म्हटलं होतं. ती म्हणाली, "नाही. तेही झालंय." मूळ फ्रेम आमच्या हॉलमध्येच राहिली, वर मारिया घेऊन. बाबांनी माझ्या लग्नात मामाचा हात हातात घेतला आणि मामीकडे न बघता पुढे गेले. सण आले, गेले. आई एकटीच मामीकडे जायची, काही दिवस तर बाबांना न सांगता. तीन वर्षं असं चाललं. आईला त्याचा फार त्रास झाला, आणि तो झाला नाही असं लिहिणं खोटं होईल.

मामीनं बोर्डिंगला पत्र लिहून जुन्या मुलींची नोंद मागितली. त्या वर्षांची वही वाळवीनं गेली, असं उत्तर आलं. रोजा मोठी झाली का, कुठं गेली, कुणाची आई झाली, काहीच कळलं नाही.

२००१ च्या नोव्हेंबरात मी मुलाला घेऊन सुट्टीवर आले होते. मृतांच्या दिवसाची मिस्सा होती. लोकांनी दिलेली नावं फादर एकेक करून वाचत होते, आडनावासकट. मधेच त्यांनी वाचलं, "रोजा." आडनाव नाही, काही नाही. लोक थोडे चुळबुळले. आईनं खाली बघितलं. बाबा आमच्या बाकाच्या टोकाला होते. ते उठून जातील असं मला वाटलं, पण ते बसून राहिले आणि बाकीच्यांबरोबर त्यांनी प्रार्थनेचं उत्तर दिलं.

मिस्सा सुटल्यावर कब्रस्तानात मामी मेणबत्ती लावत होती, मामा तिच्यासाठी वारा अडवून उभा होता. बाबा त्यांच्याजवळ गेले. तीन वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"फादरनी नंबर का नाही वाचला?"

"मी दिलाच नव्हता," मामी म्हणाली. "देवळात नंबर कशाला?"

बाबांनी मान हलवली. मग मामाला चालवणार नाही म्हणून ते रिक्षा बघायला रस्त्याकडे गेले.