बंधाऱ्यातले नऊ गणपती

आमच्या घरामागचा बंधारा पाडू नये म्हणून मी कौन्सिलला दोन पानी पत्र लिहिलं होतं. आयुष्यात सरकारला लिहिलेलं माझं हे एकमेव पत्र. त्यातलं जवळपास काहीच खरं नव्हतं. सही तेवढी माझी होती.

बंधारा म्हणजे तसा फार मोठा नव्हे. नॉटिंगहॅमच्या बाहेर, घरं संपून शेतं सुरू होतात तिथे आमचं सेमी-डिटॅच्ड घर. बागेमागे कुंपण, मग पायवाट आणि पायवाटेला लागून नदी. नदी हा इथल्या लोकांचा शब्द. बायकोचं माहेर कृष्णाकाठचं, त्यामुळे तिने पहिल्याच दिवशी "ओढा आहे हो" म्हणून निकाल देऊन टाकला होता. कधीकाळी काठावर गिरणी होती, तिच्यासाठी दगडी बांध घातलेला. गिरणीचे फ्लॅट झाले आणि बांध तसाच राहिला. पुरुषभर उंचीवरून पाणी रात्रंदिवस खाली कोसळायचं आणि तो आवाज थेट आमच्या बेडरूममध्ये यायचा. घर दाखवताना एजंटाने खिडक्या का घट्ट लावून घेतल्या होत्या ते राहायला आल्यावर कळलं. मी चिडलो. बायको म्हणाली, "असू द्या. शेजारच्या खोलीत माणसं बसलीयत असं वाटतं."

या देशात तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत कोणीच नव्हतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासायचो आणि ती घरात त्या आवाजाशी बोलायची.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून चांगला खोल डोह झाला होता. आमचा गणपती तिथे जायचा. काठावर घडीच्या स्टुलांवर गळ टाकून बसलेल्या साहेबांचे मासे बिचकू नयेत म्हणून आम्ही "मोरया" कुजबुजत म्हणायचो. पाटावर नदीकाठची चिमूटभर माती घेऊन परत यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको लेकीला घेऊन डोहात डोकावून यायची. पाणी गढूळ. "बघ, विरघळला. पोचला घरी," ती लेकीला सांगायची, आणि मी खिडकीत चहा पीत उभा असायचो, चोरासारखा.

त्याचं कारण असं. पहिल्या वर्षी मी पुण्याहून शाडूची मूर्ती आणली होती. विमानात मांडीवर ठेवली, जेवण आलं तेव्हा पाच मिनिटं वरच्या कप्प्यात ठेवली, आणि तेवढ्यात एका सहप्रवाशाने तिच्यावर आपली ड्यूटी-फ्रीची पिशवी कोंबली. घरी डबा उघडला तर सोंड वेगळी, बाप्पा वेगळे. भंगलेली मूर्ती पुजायची कशी? त्या वर्षी आम्ही तांदळावर सुपारी मांडून गणपती बसवला. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नेहमीच बोलण्यापेक्षा जड जायचं. पुढच्या वर्षी दुकानात मी गुपचूप प्लास्टरची मूर्ती घेतली. लेचीपेची नको, दणकट पाहिजे.

"शाडूचाच ना हो?" तिने विचारलं.

"शाडूचाच."

असं अकरा वर्षं चाललं.

लेक युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा बायको गेली. त्यानंतर घरात गणपती बसला नाही. पहिल्या वर्षी बसवायचा नसतोच, आणि मग तीच सवय लागली. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्का माशांवर काम करायची संधी आली. जा म्हणून मीच सांगितलं, आणि इतकं जोर देऊन सांगितलं की ती खरंच गेली.

दर रविवारी संध्याकाळी पाचला तिचा फोन यायचा. तिकडे सकाळचे नऊ. मी साडेचारपासून फोनजवळ बसायचो, आणि तीन वेळा वाजू द्यायचो, म्हणजे मी काहीतरी कामात होतो असं वाटावं.

"आज काय म्हणतायत तुझे देवमासे?"

"बाबा, ते देवमासा नाही. डॉल्फिन आहे. मोठा डॉल्फिन."

फोनवरच मला बरंच शिक्षण मिळालं. तिच्या ओर्कांना सॅमन लागतो, त्यातही सगळ्यांत मोठ्या जातीचा. सॅमन समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला नदीत उलटा वर चढतो आणि वाटेत धरणाला डोकं आपटून थांबतो. सॅमन कमी झाला आणि ओर्का उपाशी पडू लागले. ती दिवसा बोटीतून त्यांच्या नोंदी करायची आणि उरलेल्या वेळात धरणं पाडा म्हणून लोकांच्या सह्या गोळा करायची. एकदा म्हणाली, "त्यांची फॅमिली इतकी क्लोज असते ना बाबा! मुलं मोठी होतात, म्हातारी होतात, तरी आईच्या बाजूलाच पोहतात. लाइफभर." हे ती मला पाच हजार मैलांवरून सांगत होती. मी म्हणालो, "वा."

मग एका वसंतात आमच्या पायवाटेवरच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस लागली. बंधारा काढणार. गावच्या हॉलमध्ये सभा झाली. नदीखात्याची एक तरुण बाई नकाशे घेऊन आली होती. खालची मोठी नदी आता पुष्कळ स्वच्छ झालीय, तिच्यात सॅमन परत दिसू लागलाय, पण आमच्यासारख्या बंधाऱ्यांपाशी तो अडतो, असं तिने समजावून सांगितलं. त्याला अंडी घालायला नदीच्या तळाची खडी लागते, आणि आमच्या डोहात ती खडी पुरुषभर गाळाखाली गाडली गेलीय. म्हणणं अगदी बरोबर होतं. मी चार बिस्किटं खाल्ली, मान डोलावली आणि घरी येऊन विरोधाचं पत्र लिहायला बसलो.

पत्रात मी बदकांबद्दल लिहिलं. गिरणीच्या ऐतिहासिक वारशाबद्दल लिहिलं. मग धर्म काढला: या डोहात आमचे कुटुंब अकरा वर्षे मातीच्या मूर्ती विसर्जित करीत आले असून त्या पाण्यात पूर्णपणे विरघळतात व निसर्गास कोणताही उपद्रव होत नाही. खरं कारण एवढंच होतं, की बंधारा गेला असता तर त्याचा आवाजही गेला असता. चार वर्षं त्या घरात दुसरा आवाज नव्हता. हे इंग्रजीत कसं लिहावं ते मला सुचेना. मराठीतही सुचलं नसतं, पण दोष मी इंग्रजीला दिला.

माझा समज असा, की सरकारला लिहिलेलं पत्र फायलीत जातं आणि फायलीत गेलं की मेलं. कौन्सिल आता सगळ्यांची पत्रं वेबसाइटवर लावते, हे मला कोण सांगणार? आपल्या गावचा बंधारा निघतोय म्हणून लेकीने कॅनडात बसून मोठ्या आनंदाने ती वेबसाइट उघडली होती.

"बाबा, कौन्सिलच्या साइटवर तुमचा लेटर आहे."

"आपल्या आडनावाचे बरेच लोक असतात."

"आपला ॲड्रेस आहे. आणि 'आय बेग टू स्टेट' अजून कोण लिहितो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल आम्ही एक ओर्का पाहिली. भुकेने तिच्या डोक्यामागे खड्डा पडला होता. मी इथे अनोळखी लोकांची दारं वाजवते, डॅम काढा म्हणते. आणि माझे स्वतःचे बाबा बदकांसाठी भांडतात?"

"बदकांचं तसं काही नाही गं."

"मग कशाचं आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी बायकोच्या मागे लपलो. जिवंत होती तेव्हाही लपायचो. म्हणालो, "आईच्या गणपतीचं आहे."

मग ती म्हणाली, "आईला यात आणू नका, बाबा," आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी पाचला फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला की निरोप घेणारं मशीन लागायचं. मशीनला काय सांगणार? मी हवामान सांगायचो. ईमेलला उत्तर यायचं, "ओके बाबा, बिझी." असे पाच महिने गेले. बंधारा राहतो की पडतो याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं. लेक पुन्हा बोलते की नाही, एवढाच प्रश्न होता. साडेचारला फोनजवळ बसायचं मी सोडलं नव्हतं.

माझा विरोध अर्थातच फेटाळला गेला. सप्टेंबरात बंधारा पाडायला खोदकामाचं मशीन आलं. मी रजा टाकली आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी आधी बांधाला एक खाच पाडून डोह हळूहळू उतरवला. दोन दिवसांत काळा गाळ उघडा पडला, त्यात एक सायकल आणि सुपरमार्केटची ट्रॉली. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन एकदम थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, गुडघाभर गाळात वाकला आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून माझ्याकडे बघत म्हणाला, "हे तुमचे का, मेट?"

दुपारपर्यंत त्याने नऊ काढले आणि काठावर गवतात ओळीने मांडले. रंग उडालेले, मुकुट झिजलेले, हात बहुतेकांचे गेलेले. सोंडा मात्र नऊच्या नऊ शाबूत.

नदीखात्याची ती बाई आली. तिने माझं पत्र वाचलेलं होतं, सगळ्यांनीच वाचलेलं असावं. ओळीकडे पाहून ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "म्हणजे पूर्णपणे विरघळत नाहीत तर." मग चेहरा गंभीर करून तिने विचारलं, "यांना हात लावलेला चालतो का?" चालतो म्हटल्यावर तिने आणि ड्रायव्हरने एकेक उचलून माझ्या बागेतल्या हातगाडीत ठेवले. ड्रायव्हरने मधे आपलं जाकीट घातलं, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. विमानात इतकी काळजी कोणी घेतली असती तर हा प्रसंगच आला नसता.

घरी नेऊन मी त्यांना बाथटबमध्ये बसवलं आणि जुन्या टूथब्रशने धुवायला लागलो. धुताना बायकोची माफी मागत होतो, मोठ्याने. तेवढा आवाज घरात झाला. पाचव्या की सहाव्या मूर्तीचा गाळ निघाला आणि पायाच्या बोटांवर गुलाबी ठिपके दिसले. लेक दहा वर्षांची असताना आईचं नेलपॉलिश चोरून तिने बाप्पाच्या एका पायाची नखं रंगवली होती. मी ओरडणार होतो. बायको म्हणाली, "अगं, एकच पाय? आता दुसराही रंगव." सगळा रंग गेला होता, ते नेलपॉलिश राहिलं होतं. दोन्ही पायांवर.

मी त्या पायांचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो म्हणून खाली रोमन लिपीत मराठी लिहिलं: डोहातून नऊ गणपती निघाले, सगळे प्लास्टरचे. आईला मी शाडू सांगत होतो. कौन्सिललाही. पत्र गणपतीसाठी नव्हतं, बदकांसाठी तर नव्हतंच. घरात बंधाऱ्याचा आवाज होता, तो जाऊ नये म्हणून लिहिलं. आता तो गेला. तुझं बरोबर होतं.

रविवारी पाचला फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा," ती म्हणाली. मग थोडा वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. "बाबा, नऊच? अकरा होते ना?"

"दोन सापडले नाहीत. वाहून गेले असतील."

"किंवा दोनदा दुकानदाराने तुम्हाला फसवून खरा शाडूचा दिला असेल."

कितीतरी महिन्यांनी मी हसलो. हसण्याचा सराव गेला होता, खोकल्यासारखं झालं.

"आता कुठे आहेत सगळे?"

"बाथटबमध्येच."

"मग तुम्ही आंघोळ कशी करता?"

"बाहेर उभं राहून. बादलीने."

"ओह, बाबा." मग जरा भीतभीतच तिने विचारलं, "मासा आला?"

हो म्हणावं असं फार वाटलं. तिला केवढा आनंद झाला असता. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी नदीवर जाऊन बघत होतो. गाळ वाहून जाऊन खडी उघडी पडली होती, पिवळसर, स्वच्छ, पण तिच्यावर पाण्याशिवाय काही हलत नव्हतं. शाडूचं प्रकरण अजून ताजं होतं.

"नाही," मी म्हणालो. "ती बाई म्हणते, काही वर्षंसुद्धा लागतील."

"हो. लागतात." ती म्हणाली, "मला माहीत नव्हता बाबा, आवाजाचा. मला पण इथे पहिले महिने झोप नाही यायची. इतका शांत होता. मी कोणाला नाही सांगितला." मग तिने विचारलं, "आता तिथे कसा वाटतो? ऐकवा ना."

मी वर बेडरूममध्ये गेलो, खिडकी उघडली आणि कॉर्डलेस फोन हात लांब करून बाहेर धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावला.

"काही ऐकू नाही येत," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"मग परत धरा. मी आहे."

मी परत हात बाहेर काढला. खाली पायवाटेवरून शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवत चालले होते. त्यांना वाटलं मी हात करतोय. त्यांनीही हात केला. फोन खाली घेता येईना, म्हणून मी दुसरा हात हलवला.

हात भरून आला होता. खडीवरून पाणी जात असणारच, पण खिडकीपर्यंत काही पोचत नव्हतं. मी उभा राहिलो.