उशी सरळ न करण्याचं व्रत

दवाखान्यातून लोक फाइल घेऊन घरी येतात. आमच्याकडे किस्सेच जास्त साठले! कुणी भेटायला आलं की चहा उकळेपर्यंत एखादा सांगून होतो.

झालं असं, बँकेच्या बदलीने आम्ही कोलकात्याला, डमडमला आलो आणि ह्यांना फ्लूने असं धरलं की थेट आयसीयू. देवकृपेने व्हेंटिलेटर निघाला, पण पडून पडून पायांतलं बळच गेलं. डॉक्टर म्हणाले, "औषधांचं काम झालं. आता हे स्वतःच्या पायावर उभे राहतात का, त्यावर सगळं."

*

ह्यांची फिजिओथेरपिस्ट मौशुमी. मी ह्यांना भरवत होते, तेवढ्यात तिने चमचा काढून ह्यांच्याच हातात दिला. "काकीमा, तुम्ही फार सेवा करता. बंद करा."

आजवर मी मीठ सोडलंय, भात सोडलाय, चातुर्मासात वांगं सोडलंय. पण नवऱ्याची उशी तिरकी दिसत असताना हात न लावणं? ह्याच्याइतकं कडक व्रत मी केलेलं नाही. निम्मी खिचडी चादरीवर सांडली. उरलेली हे स्वतः जेवले.

*

शेजारच्या खाटेवर घोषबाबू, त्याच आजारातले. मौशुमी त्यांना उठवून बसवायला गेली, तर म्हणाले, "आज गुरुवार. आत्ता बारबेला चालू आहे. अशुभ वेळ."

तिने हताशपणे माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दादा, बसू नये असं आमच्या पंचांगात कुठेच नाही."

घोषबाबूंनी विचार केला. "मग तुमच्या पंचांगाने बसवा," म्हणाले, आणि बसले.

*

ह्यांना पहिल्यांदा खुर्चीत बसवायचं होतं. ऑक्सिजनची नळी एकाकडे, सलाइन दुसऱ्याकडे, काखेत हात घालून दोघं, आणि मौशुमी पुढून, "आस्ते, आस्ते."

घोषबाबू खाटेवरून ओरडले, "अरे, नीट धरा! विसर्जन नाही, आगमन आहे!"

हे आजारपणात पहिल्यांदा हसले. मॉनिटर वाजायला लागला, नर्स धावत आली.

*

उभं राहणं मात्र जमेना. वॉकर धरायचा, उठायचं, की गुडघे थरथरून खाली. हे म्हणत, "उद्या बघू." मौशुमीही आता "बरं, उद्या" म्हणून वॉकर कोपऱ्यात ठेवायला लागली होती.

मग गणपती बसले. सकाळी पुण्याहून दिराचा व्हिडिओ कॉल आला, आरतीसाठी. टाळ वाजायला लागले आणि हे वॉकरकडे हात करायला लागले. आमच्या घरात आरतीला कुणी बसत नाही. मौशुमीने धावत येऊन कमरेचा पट्टा धरला. हे उभे राहिले. गुडघे कापत होते, पण राहिले.

ती हळूच म्हणाली, "काकीमा, बरीच मोठी आहे ना ही आरती?"

विठ्ठलाच्या आरतीत आमच्याकडे एक सूर दम संपेपर्यंत ताणायची चढाओढ असते. त्यात सासूबाई कधी हरलेल्या नाहीत. ऐंशी उलटली, तरी नातवंडांना हरवतात. सगळ्यांनी सूर धरला. ह्यांनीही धरला, दोऱ्याइतका बारीक. एकेक जण थांबला. शेवटी सासूबाईही थांबल्या. ह्यांचा सूर क्षणभर एकटाच ऐकू आला, मग तोही विरला.

दीर म्हणाला, "आई, आज तू हरलीस?"

"दमच पुरला नाही रे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची आरती त्यांनी अशी खणखणीत सुरू केली की घोषबाबू उठून बसले.